अर्धे शटर

कोणतीही गोष्ट सुरू करणे फारसे अवघड नसते. दुकानाचे उद्घाटन एका नारळात होते, मंडळाची स्थापना एका चहात होते, आणि आमच्यापैकी अनेकांचा अभ्यास दर वर्षी वह्यांना कव्हरे घालून मोठ्या थाटात सुरू होतोच. अवघड असते ते बंद करणे. लग्नाचा मांडव घालायला दहा जण धावून येतात. पण उतरवायची वेळ आली, की कुणाचे पान अजून पंक्तीत असते, कुणाची पिशवी खांबाला अडकवलेली असते, आणि आचाऱ्याची कढई तर चुलीवरच असते. अशा वेळी मांडववाल्याने "जेवणे आटोपली का?" असे विचारले, कुणीतरी "हो" म्हटले, आणि तेवढ्यात उशिरा आलेले चार पाहुणे पाटावर येऊन बसले, तर मांडव कुणाच्या डोक्यावर पडेल हे सांगायला ज्योतिषी नको. गंमत अशी, की विचारणारा खोटा नाही, सांगणारा खोटा नाही, आणि जेवायला बसलेल्यांचा तर काहीच अपराध नाही.

माझा आजचा विषय हाच आहे. फक्त मांडवाच्या जागी संगणकाची डिस्क आहे आणि पाहुण्यांच्या जागी तिच्यावर लिहिला जाणारा मजकूर आहे.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने संगणकाच्या पोटातल्या गोष्टींवर लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. विज्ञान शाखेच्या मित्रांनी तर आताच नाक मुरडले असेल. त्यांना माझी एवढीच विनंती, की शेवटपर्यंत वाचा. मी सातवीपर्यंत गल्लीतल्या आणि नंतर गावातल्या मराठी शाळेत शिकलो. इंग्रजी पुस्तक उघडले की शब्दकोश अजूनही शेजारी लागतो. तरीही या विषयाच्या वाटेला गेलो, कारण त्यापायी माझ्या ओळखीच्या एका सज्जन माणसाला न केलेल्या अपराधाचा ठपका सोसावा लागला.

कॉलेज सुटल्यावर मी बेळगावातल्या एका करसल्लागाराच्या कार्यालयात नोंदी करण्याचे काम करतो. लहान दुकानदार, दोनचार सोसायट्या आणि जवळच्या खेड्यांतले काही महिला बचत गट, असे आमचे अशील. तिथे एक वयस्कर कारकून आहेत. घरची भाषा कन्नड, अक्षर मोत्यासारखे, आणि मराठी अशी, की फोनवर ओळखू येणार नाही. आम्ही सगळे त्यांना काकाच म्हणतो. संगणक आला तरी काकांनी आपली कच्ची वही सोडलेली नाही. आधी वहीत आकडा, मग पडद्यावर, हा त्यांचा नेम.

कार्यालयातल्या सगळ्या संगणकांचा हिशेब एका लहानशा डब्यात साठवला जातो. त्या डब्यात दोन डिस्का आहेत. एकीवर जे लिहिले जाते तेच दुसरीवरही लिहिले जाते, म्हणजे एक बिघडली तर दुसरी आहे. विजेची बचत व्हावी म्हणून त्यात एक सोय होती. दहा मिनिटे कुणी काही मागितले नाही, तर डिस्का आपोआप झोपत. कुणी काही मागितले की जाग्या होत. सोय चांगली होती आणि कित्येक महिने ती बिनतक्रार चाललीही.

मार्च महिन्यात एके दिवशी दुपारी काका जेवून आले, एका बचत गटाच्या खात्यात नोंद केली, 'जतन' केली आणि दुसऱ्या कामाला लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गटाचे खाते उघडेना. दुसऱ्या डिस्कवर पाहिले, तर तिथेही तीच गत. आरशात चेहरा दिसतो तशी चेहऱ्यावरची जखमही दिसते. पहिल्या डिस्कवर अर्धवट लिहिलेले पान दुसरीवरही तसेच अर्धवट उतरले होते. गटाचे कर्जप्रकरण बँकेत होते आणि महिनाअखेरीस हिशेब द्यायचा होता. मालकांचा पारा चढला. "तुम्हीच वायर हलवली असणार," असे ते काकांना सर्वांसमक्ष म्हणाले, आणि चार दिवस घरीच थांबायला सांगितले. काकांनी टेबलावरची आपली कच्ची वही उचलून माझ्या हातात दिली आणि एक शब्द न बोलता ते जिना उतरून गेले.

माझा आतेभाऊ बेंगळुरूला संगणकाच्या आज्ञावली लिहिण्याचे काम करतो. रात्री त्याला फोन लावला. "काय करूलास रे एवढ्या रात्री?" असे त्याने आधी विचारले, आणि मग मी सांगितलेले ऐकून म्हणाला, की डब्याची रोजनिशी पाठव. संगणकालाही रोजकीर्द असते, हे मला तेव्हा कळले. आत घडणारी प्रत्येक महत्त्वाची गोष्ट तो वेळेसकट टिपून ठेवतो, आणि ती वेळ सेकंदाच्या दहा लाखाव्या भागापर्यंत असते. अर्ध्या तासाने दादाचा फोन आला. "दोन ओळी बघ," तो म्हणाला. "एकीत डिस्कला झोपायची आज्ञा. दुसरीत डिस्कवर लिहिण्याची मागणी. दोन्हींमध्ये सेकंदाचा हजारावा भागही गेलेला नाही. तुमच्या काकांनी वायरीला हात लावलेला नाही. ही रेस कंडिशन आहे."

रेस म्हणजे शर्यत. दोन कामे एकाच वस्तूकडे धावत सुटली आहेत, आणि कोण आधी पोचते यावर निकाल अवलंबून आहे. अशा स्थितीला हे नाव आहे. दादाने मला ती अशी समजावून दिली.

डिस्क आणि संगणक यांच्यामध्ये एक मध्यस्थ आज्ञावली असते, तिला ड्रायव्हर म्हणतात. या ड्रायव्हरला दोन धनी. एक म्हणतो, "हे लिही, ते वाच." दुसरा म्हणतो, "काम नसेल तर झोप, वीज वाचव." दहा मिनिटे झाली की दुसरा धनी विचारतो, "काही काम शिल्लक आहे का?" ड्रायव्हर पाहतो आणि खरेच सांगतो, "नाही." मग वीज काढण्याची तयारी सुरू होते. पण 'नाही' म्हणणे आणि वीज निघणे, या दोहोंमध्ये एक फट आहे. त्या फटीत पहिला धनी येतो आणि विचारतो, "डिस्क जागी आहे का?" उत्तर मिळते, "आहे." तेही खरेच असते, कारण ती अजून झोपलेली नसते. तो लिहायला देतो आणि पुढच्याच क्षणी वीज जाते. दोघांनीही आधी विचारले होते, दोघांनाही खरे उत्तर मिळाले होते, आणि तरीही एका पानाचे वाटोळे झाले.

ही फट केवढी असते? मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या डिस्कला एक फेरा पुरा करायला सेकंदाचा सुमारे एकशेविसावा भाग लागतो. तेवढ्या वेळात ३ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरचे अडीच कोटी ठोके पडून जातात. आपल्याला जे 'एकाच क्षणी' वाटते, त्यात संगणकाच्या लेखी एक अख्खा बाजारदिवस मावतो. त्या बाजारात कोण केव्हा येईल, याचा भरवसा धरून चालत नाही.

मग उपाय काय? माझ्या भाबड्या बुद्धीला वाटले, की वीज काढण्यापूर्वी आणखी एकदा विचारावे. दादा हसला. म्हणाला, "दहा वेळा विचार. दहाव्या उत्तरानंतरही फट राहतेच." मग त्याने मला विचारले, "बँक बंद कशी करतात, ते पाहिलं आहेस का?"

हे मात्र मी पाहिले आहे, आणि वाणिज्य शाखेच्या प्रत्येकाने पाहिले असेल. वेळ संपली की शिपाई आधी शटर अर्धे ओढतो. आत असलेल्यांचे काम चालू राहते, पण नवीन माणूस आत येत नाही. मग आत किती जण उरले ते बघतात. ते सगळे गेले, की रोकड मोजतात आणि शेवटी कुलूप लावतात. क्रम महत्त्वाचा आहे. आधी दार, मग मोजणी, मग कुलूप. शिपायाने आधी माणसे मोजली, 'कुणी नाही' म्हणाला, आणि मग शटर ओढायला गेला, तर तेवढ्यात एखादा आजोबा पासबुक घेऊन आत शिरलाच म्हणून समजा.

लिनक्स नावाच्या प्रणालीत, जिचे काम लिनुस तोरवाल्ड्स याने १९९१ साली सुरू केले आणि जिची मूळ आज्ञावली कुणालाही वाचायला खुली आहे, नेमके हेच केले आहे. डिस्कला डुलकी घेऊ देण्यापूर्वी तिच्या मागण्यांच्या रांगेवर आधी पाटी लागते, की नेहमीच्या नव्या मागण्यांनी बाहेर थांबावे. मग आतल्या मागण्यांची मोजणी होते. मोजणी शून्य आली तरच झोप. एक जरी मागणी आत असली, तर झोप रद्द, पाटी काढली, दार पुन्हा उघडले, पुढे पाहू. आणि झोप लागल्यावर बाहेर कुणी येऊन थांबले, तर त्याची थाप ऐकून डिस्कला उठवले जाते. थांबलेल्याला उशीर होतो, पण त्याचा कागद हरवत नाही.

या व्यवस्थेत एक बारकावा आहे, तो मला फार आवडला. डिस्कला झोपवण्यासाठीसुद्धा तिला काही आज्ञा पाठवाव्या लागतात. आता दार सगळ्यांनाच बंद केले, तर झोपण्याची आज्ञाही बाहेरच अडकायची! बँकेचे शटर ओढल्यावर किल्ल्या घेऊन येणाऱ्या अधिकाऱ्यालाच शिपायाने "उद्या या" म्हणावे, तशातला प्रकार. म्हणून झोप-जागेच्या कामाच्या मागण्यांवर निराळी खूण असते आणि त्यांना अर्ध्या शटरखालून आत सोडले जाते.

त्या आज्ञा कोणत्या, तेही पाहण्यासारखे आहे. डिस्क जेव्हा "लिहिले" म्हणते, तेव्हा ते खरोखर तबकडीवर उतरलेले असेलच असे नाही. पुष्कळदा ते डिस्कच्या तात्पुरत्या स्मृतीत असते आणि वीज गेली की तेही जाते. आमच्या भाषेत सांगायचे तर चेक बँकेत भरला आहे, पण अजून जमा झालेला नाही. रोखपुस्तकात शिल्लक दिसते, पासबुकात दिसत नाही, आणि त्या फरकासाठी आपण बँक जुळवणी पत्रक करतो. म्हणून डिस्कला थांबवण्यापूर्वी लिनक्स तिला आधी सांगतो, "तात्पुरत्या स्मृतीत जे काही आहे ते तबकडीवर उतरव," आणि ते झाल्यावरच "आता फिरणे थांबव" असे सांगतो.

मोजणीची पद्धत तर सरळ द्विनोंदीची वाटावी. २००९ साली राफाएल विसोत्स्की याने लिनक्समध्ये चालू यंत्रातल्या एकेका उपकरणाला डुलकी देण्याची एक सामाईक व्यवस्था आणली. तिच्यात प्रत्येक उपकरणाच्या नावे एक आकडा असतो. ज्याला उपकरण हवे, त्याने आधी तो आकडा एकाने वाढवायचा. काम झाले की एकाने कमी करायचा. आकडा शून्य झाल्याखेरीज डुलकी नाही. प्रत्येक नावेला जमा हवी, हा पहिल्या वर्षी शिकवलेला नियम इथे अक्षरशः लागू आहे. जमा करायची राहिली, तर उपकरण कधीच झोपणार नाही आणि वीज वाया जाईल. एक जमा जास्त झाली, तर दुसरा कुणी वापरत असतानाच उपकरण झोपेल. पहिल्या चुकीने बिल वाढते, दुसरीने घर बुडते. आणि हा आकडा वाचणे व बदलणे ही दोन कामे नसून एकच अविभाज्य काम असावे लागते. नाहीतर दोघांनी एकदमच '३' वाचले, दोघांनीही '४' लिहिले, आणि पाचवा माणूस हिशेबातच आला नाही, असे व्हायचे.

एवढ्याने संपले असते, तर मी हा लेख दोन पानांत आटोपला असता. पण ड्रायव्हरची सगळीच कामे दारातून येत नाहीत. काही त्याने स्वतःच 'नंतर करू' म्हणून बाजूला ठेवलेली असतात. उत्तर आले नाही तर थोड्या वेळाने पुन्हा विचारणे, चूक झाली तर सावरणे, अधूनमधून डिस्कची खबर घेणे, अशी ही उधारीची कामे. डिस्क झोपायला जाते आणि तेव्हाच यातले एखादे काम जागे होऊन तिचे दार ठोठावते. म्हणून झोपण्यापूर्वी ही कामेही रद्द करावी लागतात, आणि जे ऐन मध्यात असेल ते पुरे होईपर्यंत थांबावे लागते. इथेही क्रम चुकला तर घात. कारण काही कामे अशी असतात, की ती संपता संपता स्वतःलाच पुन्हा यादीत लिहून जातात. आधी यादी पुसली आणि नंतर 'आता नवे काम घेऊ नये' अशी खूण केली, तर मधल्या वेळात यादीत नवे नाव आलेच. आधी खूण, मग यादी पुसणे, मग चालू कामाची वाट पाहणे, हा बरोबर क्रम. पुन्हा तेच अर्धे शटर!

वाट पाहण्यातही एक खड्डा आहे. समजा, व्यवस्थापक स्वतःच्या खोलीला आतून कडी घालून बसला आहे आणि म्हणतो आहे, "रोखपालाने हिशेब पुरा केल्याशिवाय कडी काढणार नाही." रोखपालाला हिशेब पुरा करायचा आहे, पण लागणारे पुस्तक व्यवस्थापकाच्या खोलीत आहे. दोघेही कर्तव्यदक्ष, आणि बँक मात्र सकाळपर्यंत उघडी! याला डेडलॉक म्हणतात. ड्रायव्हरमध्ये हे असे घडते, की झोपवणारा हातात एक कुलूप धरून चालू कामाची वाट पाहतो, आणि त्या कामाला पुढे जायला तेच कुलूप हवे असते. किंवा ते काम म्हणते, "आधी डिस्क जागी करा," आणि झोपवणारा म्हणतो, "आधी तू संप." म्हणून नियम असा, की ज्याची वाट पाहायची, त्याला लागणारी वस्तू आपल्या हातात धरून वाट पाहू नये. संसारातही हा नियम पाळला तर निम्मी भांडणे मिटतील, असे मला वाटते. पण तो अनुभव अजून पुढे आहे.

ही झाली एकट्या डिस्कची डुलकी. संपूर्ण संगणक झोपतो, जसे लॅपटॉपचे झाकण मिटल्यावर होते, तेव्हा तर साऱ्या घरादाराची निजानीज असते. लिनक्स आधी साठवायचे ते डिस्कवर पाठवतो; मग आपण चालवत असलेली कामे गोठवतो; मग त्याची स्वतःची, गोठवण्याजोगी कामे गोठवतो; आणि त्यानंतर उपकरणे झोपवतो. त्यातही लेकरे आधी, आईबाप नंतर. डिस्क आधी झोपते, ती ज्या पोर्टला जोडली आहे ते नंतर. उठताना उलटे, आईबाप आधी. चहा ठेवणारे उठल्याशिवाय चहा मागणाऱ्यांनी उठून काय उपयोग?

पण वेळ वाचावा म्हणून पुष्कळ उपकरणे एकाच वेळी झोपवली आणि उठवली जातात, आणि घराण्याच्या वंशावळीत न दिसणारी अवलंबित्वेही असतात. त्यासाठी २०१७ पासून लिनक्समध्ये दोन उपकरणांतले असे नाते स्वतंत्रपणे नोंदवण्याची सोय आहे. तिची गरज किती खरी आहे, ते २०२३ साली दिसले. साटा जातीच्या डिस्कांमध्ये जागे होताना पोर्ट अजून सावरते आहे आणि तेवढ्यात डिस्कला 'फिरायला लाग' अशी आज्ञा पोचते, अशी शर्यत लागत होती. त्या वर्षी केलेल्या दुरुस्त्यांत पोर्ट आणि डिस्क यांच्यातले नाते रीतसर नोंदवले गेले, म्हणजे पोर्ट उठल्याखेरीज डिस्कला कुणी हाक मारू नये. तीस वर्षे जगभरच्या जाणत्यांनी वाचलेल्या आज्ञावलीत ही फट निघते, तेव्हा आमच्या कार्यालयातल्या स्वस्त डब्याचे नवल ते काय!

अशा फटी लवकर सापडत नाहीत, याचे कारण त्या हजारदा पाहिले तरी दिसत नाहीत. शोधण्यासाठी मध्ये एखादी टिपण्याची ओळ घातली, तर तिच्यामुळेच वेळेचा मेळ बदलतो आणि दोष लपून बसतो. गुरुजी वर्गात आले की गोंगाट करणारा मुलगा कधीच सापडत नाही, तसे. म्हणून जाणत्यांनी निराळी साधने केली आहेत. लिनक्समध्ये २००६ साली आलेले लॉकडेप हे साधन कुलुपे कोणत्या क्रमाने घेतली जातात ते लक्षात ठेवते आणि प्रत्यक्ष अडकण्याची वाट न पाहता, 'या क्रमाने एक दिवस अडकाल' असे बजावते. २०२० साली आलेले केसीसॅन हे साधन मुद्दाम एखाद्याला क्षणभर अडवून धरते आणि तेवढ्यात दुसरा कुणी त्याच वस्तूला हात लावतो का ते पाहते. दोन्हींचा स्वभाव चांगल्या हिशेबतपासनिसाचा आहे. अफरातफर होईपर्यंत तो थांबत नाही. अफरातफर होऊ शकेल अशी जागा दाखवतो.

आमच्या अभ्यासक्रमात हिशेबतपासणी शिकवताना 'कट-ऑफ' हा शब्द येतो. गोदामातला माल मोजायचा असेल, तर मोजणी चालू असताना आवक-जावक थांबवावी, आणि शेवटच्या आवक पावतीचा व शेवटच्या जावक चलनाचा क्रमांक आधी लिहून घ्यावा. परीक्षेसाठी मी हे वाक्य पाठ केले होते. त्याचा अर्थ मला एका डिस्कने शिकवला.

आता काकांचे राहिले. दादाने रोजनिशीतल्या त्या ओळी आणि त्यांचा अर्थ एका कागदावर लिहून पाठवला. तो मी मालकांपुढे ठेवला. मालकांनी तो दोनदा वाचला, थोडा वेळ गप्प राहिले, आणि मग स्वतः काकांच्या घरी गेले. ते तिथे काय बोलले ते मला ठाऊक नाही. संध्याकाळी काका आपल्या खुर्चीवर होते. पुढच्या तीन रात्री आम्ही दोघांनी कच्च्या वहीवरून त्या गटाचे संपूर्ण वर्षाचे खाते पुन्हा उतरवले. काका आकडा वाचत, मी भरत असे. ते मध्येच "स्वल्प तडी" म्हणत, म्हणजे जरा थांब, आणि मागची बेरीज जुळल्याशिवाय पुढचे पान उलटत नसत. ३१ मार्चच्या आत हिशेब बँकेत गेला. डब्याची डुलकी दादाने तूर्त बंद करून टाकली आहे, आणि रोज संध्याकाळी हिशेबाची एक प्रत आता कार्यालयाबाहेर जाते.

तिसऱ्या रात्री चहा पिताना मी काकांना ही सगळी शर्यत समजावून सांगितली. दोन्ही धनी, मधली फट, सगळे. ते शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "तप्पु यारदू अल्ल." चूक कुणाचीच नाही.

काकांचा मोठेपणा मला मान्य आहे. पण या एका बाबतीत त्यांच्याशी माझे मत जुळत नाही. चूक लिहिणाऱ्याची नव्हती आणि झोपवणाऱ्याचीही नव्हती, हे खरे. पण दोघांनी एकमेकांकडे पाहून वागावे अशी रीत घालून देणे हे कुणाचे तरी काम होते, आणि ते त्याने केले नव्हते. आपल्याकडे काही बिघडले की आपण पहिल्यांदा हात शोधतो: शेवटी कुणाचा हात लागला होता? बहुधा तो हात सगळ्यांत लहान पगाराच्या माणसाचा निघतो, कारण कामाला सगळ्यांत जास्त वेळ त्याचाच हात लागलेला असतो. त्याच्यावर ठपका ठेवला की प्रकरण मिटते आणि फट तशीच राहते. पुढच्या वर्षी तिच्यात दुसरा कुणी सापडतो.

पदवी घेऊन आम्ही कुणी बँकेत जाऊ, कुणी दुकानात, कुणी हिशेबतपासनिसाच्या हाताखाली. कधी ना कधी आमच्यापुढेही एक न जुळणारा ताळेबंद येईल आणि एक घाबरलेला कारकून उभा असेल. त्या वेळी त्याला काही विचारण्यापूर्वी रोजनिशी मागवून वेळा पाहाव्यात, एवढे मी स्वतःपुरते ठरवले आहे. आणि शटर आधी ओढले होते की माणसे आधी मोजली होती, हेही पाहावे.